गल्ली बांधा, मग आग लावा

आजचा प्रश्न जरा वेगळा आहे. पोलीस, फायर ब्रिगेड आणि अँब्युलन्सवाले एकत्र सराव करतील अशी जागा बांधायची, तर कशी?

आधी ती लागते कशाला ते बघू. ११ सप्टेंबर २००१, न्यूयॉर्क. दक्षिण टॉवर पडल्यावर उत्तर टॉवर अजून २९ मिनिटं उभा होता. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून इशारा आला की हाही पडेल. पण तो गेला पोलिसांच्या रेडिओवर. फायर ब्रिगेडचा रेडिओ वेगळा, त्यांच्या प्रमुखांपर्यंत तो पोचलाच नाही. त्या दिवशी फायर ब्रिगेडचे ३४३ जण गेले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, इंटिग्रेशन टेस्टिंग थेट प्रॉडक्शनवर झालं.

ते आधी करता येतं. टेक्सासमधली ‘डिझास्टर सिटी’ बघा. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी स्फोटानंतर तिची कल्पना पुढे आली. ५२ एकरांत खोटं शहर: दुकानांची रांग, थिएटर, रुळांवरून घसरलेली ट्रेन, काँक्रीटचे ढिगारे. आणि ढिगारा बांधणं हे इमारत बांधण्याइतकंच इंजिनिअरिंगचं काम आहे बरं का! आत माणूस सरपटत जाईल एवढी फट हवी, पण ढिगारा त्याच्या अंगावर यायला नको. फोडलेला स्लॅब पुढच्या बॅचसाठी बदलताही आला पाहिजे.

आपल्याकडे मॉक ड्रिल होतात की, असं कोणी म्हणेल. होतात. पण मॉलवाला तुम्हाला त्याचा स्लॅब फोडू देईल का?

आपल्याकडे बांधायचं झालं तर थिएटर राहू दे, मी आधी गल्ली बांधेन. दोन्ही बाजूंना बाइक, वर लोंबणाऱ्या वायरी, टोकाला चाळ. फायर ब्रिगेडने पाइप रस्त्यावर अंथरले की अँब्युलन्स आत कुठून घालायची? गर्दी पोलिसांनी कुठे अडवायची? पीपीटीवर हे कळत नाही.

शिकवणारी माणसं तर महाराष्ट्रातच आहेत. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपूरला, एनडीआरएफची अकादमीही नागपूरलाच.

आणि गल्लीला लागून एक खोली हवी, तिन्ही रेडिओंचं रेकॉर्डिंग ऐकवणारी. सराव संपला की हवालदार, फायरमन आणि अँब्युलन्सचा डॉक्टर, तिघांनी तिथेच चहा घेत बसायचं आणि कोणाचा निरोप कुठे अडकला ते ऐकायचं.