सुई टोचली तर लपवू नका

(राजूर येथे ग्रामसंघाच्या मासिक सभेत दिलेले मार्गदर्शन)



आज बचत आणि हप्त्याचं बोलणं थोडं मागे ठेवू. आपल्या गटांतल्या काही ताई दवाखान्यात साफसफाईच्या कामाला जातात. कोणी फरशी पुसते, कोणी बाळंतिणीच्या चादरी उचलते, कोणी कचऱ्याच्या पिशव्या बांधते. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांची सून, लेक किंवा जाऊ या कामाला जाते, त्यांच्यासाठीही आहे.

आपलं राजूर कोळशाचं आणि चुन्याचं गाव. चुना डोळ्यात गेला तर काय होतं, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. लगेच आग होते, बाई पाण्याकडे धावते. दवाखान्यातल्या सुईचं तसं नाही. टोचते, थेंबभर रक्त येतं, संध्याकाळपर्यंत दुखणं थांबतं. आजार आत गेला की नाही, हे मात्र कित्येक महिने कळत नाही. म्हणून बाया म्हणतात, "काही नाही होत वो ताई, जाऊ द्या."

जाऊ द्यायचं नाही. कारण समजून घ्या. रक्तातून मुख्यतः तीन आजार येतात: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. पहिले दोन लिव्हर खराब करतात. हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटची सुई, लस न घेतलेल्या १०० जणांना टोचली, तर त्यातल्या ३० जणांपर्यंत आजार जाऊ शकतो. हिपॅटायटिस सी साधारण १०० पैकी ३ जणांना होऊ शकतो. एचआयव्हीचं प्रमाण १००० मध्ये ३ इतकं कमी आहे. आपण सगळे एचआयव्हीला घाबरतो, पण जास्त सहज लागतो तो हिपॅटायटिस बी. आणि त्याच्यावरच पक्की लस आहे! तीन डोस असतात: आज एक, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. एक घेऊन थांबू नका, तिन्ही पूर्ण करा.

आता सुई टोचली तर काय करायचं, ते नीट ऐका.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका. बोट तोंडात घालू नका. स्पिरिट, ब्लिचिंग, हळद, चुना काहीही लावू नका. डोळ्यात रक्त उडालं तर साध्या पाण्याने भरपूर धुवा.

मग लगेच सिस्टरला किंवा डॉक्टरांना सांगा. ड्युटी संपायची वाट पाहू नका. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या शक्यतो २ तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजेत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. गोळ्या द्यायच्या की नाही, हे डॉक्टर ठरवतील. लस झालेली नसेल तर हिपॅटायटिस बीचा उपायही त्याच दिवशी विचारा.

इथे आपली खरी अडचण आहे. वणीहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर. चंद्रपूर त्यापेक्षा जवळ, पण तेही काही शेजारी नाही. टोचल्यावर शोधाशोध करायला गेलं तर दोन तास रस्त्यातच जातात. म्हणून आपल्या दवाखान्यात या गोळ्या कुठे ठेवतात, रात्री कोणाकडे मागायच्या, हे आजच विचारून ठेवा. माहितीसाठी १०९७ हा मोफत नंबर पाठ करा.

ताई सांगत का नाहीत, तेही मला माहीत आहे. ठेकेदार कामावरून काढेल, आणि गोळ्या घरात दिसल्या तर सासरचे नको तो संशय घेतील. पण कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे दवाखान्यात ज्यांना असा धोका आहे, त्या सर्वांना बचावाची साधनं, प्रशिक्षण आणि या गोळ्या देणं दवाखान्याचं काम आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, हातमोजे-बूट, वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण आणि तपासणी द्यायला सांगितली आहे. "ही ठेकेदाराची माणसं, आमची नाहीत," असं म्हणून दवाखान्याला हात झटकता येत नाहीत.

रोजच्या कामात एवढं पाळा. सुया पांढऱ्या कडक डब्यात जातात. रक्त लागलेला कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. पण टाकणाऱ्याने नेहमी बरोबर टाकलंय, असं धरून चालू नका. पिशवी हाताने-पायाने दाबू नका, तोंडाशी धरून उचला, अंगाला टेकवू नका. सांडलेल्या रक्तावर झाडू मारू नका. हातमोजे घाला, कापडाने झाका, ब्लिचिंगचं पाणी टाकून थांबा, मग उचला. सुई दिसली तर चिमट्याने उचला.

घरी कोणी शुगरचं इंजेक्शन घेत असेल, तर ती सुई कडक प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून ठेवा. आपल्या गावात कचरा उचलणारी बाईही आपलीच आहे.

शेवटी एक मागणं. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने प्रोसिडिंगमध्ये लिहावं: आपल्या गटातून दवाखान्यात कामाला कोण जातं, लसीचे किती डोस झाले, किती राहिले. ज्यांचे राहिले त्यांच्यासाठी ग्रामसंघाच्या लेटरपॅडवर दवाखान्याला अर्ज देऊ, पोच घेऊ. एकटी ताई बोलली तर तिला गप्प बसवतात. ग्रामसंघाचा शिक्का असलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

हप्ता चुकला तर आपण सगळ्या मिळून त्या ताईच्या दारात जातो. सुई टोचली तरी तसंच जाऊ, तिला सोबत घेऊन दवाखान्यात, दोन तासांच्या आत.