दोष ठाऊक असलेली गाडी

(मंडळाच्या शुगर लँड येथील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'स्पोर्ट्स कार घ्यावी का?' असा छापला आहे. तो वाचून एका काकांनी मघाशी चहाच्या रांगेत विचारलं, "काय, चाळिशी जवळ आली वाटतं?" आली आहे काका, पण अजून दोन वर्षं शिल्लक आहेत. खरा विषय जरा वेगळा आहे. एखाद्या वस्तूतला दोष ती विकत घेण्यापूर्वीच आपल्याला ठाऊक असेल, तर ती घ्यावी का? आणि हे ठरवायचं कशाच्या आधारावर?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. कुठलंही प्रॉडक्ट बाजारात जातं तेव्हा त्याबरोबर 'नोन इश्यूज' नावाची एक यादी जाते. म्हणजे अमुक बटण दोनदा दाबलं तर स्क्रीन गोठते, आम्हाला माहीत आहे, तूर्त दोनदा दाबू नका. बाहेरच्या माणसाला हा शुद्ध निर्लज्जपणा वाटतो. पण ह्या धंद्यात काही वर्षं काढली की त्या यादीतल्या दोषाचं भय वाटेनासं होतं. तो कोणीतरी पाहिलाय, केव्हा उपटतो ते लिहून ठेवलंय, त्यातून वाट काढायची युक्तीही दिलीय. रात्री दोन वाजता फोन येतो तो यादीत नसलेल्या दोषामुळे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी बजाज चेतक होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी ती आधी बाजूला कलती करायची, दोन क्षण थांबायचं, मग किक मारायची. ह्याला कोणी दोष म्हटल्याचं मला आठवत नाही. स्कूटर चालवायला शिकण्याचाच तो एक भाग होता.

आता गाडीकडे येतो. गाडी म्हणजे पोर्शे ९११, २००३ चं मॉडेल. ९११ हे नाव ऐकून घाबरू नका. अमेरिकेत १९९९ ते २००५ ह्या मॉडेल-वर्षांत विकली गेलेली ९११, जिला शौकीन मंडळी '९९६' म्हणतात, ती आज सगळ्या ९११ मध्ये स्वस्त समजली जाते. आपल्याकडच्या नव्या मिनीव्हॅनपेक्षा कमी पैशांत मिळू शकते. स्वस्ताईची कारणं दोन सांगतात. एक म्हणजे तिचे हेडलाइट. ते तव्यावर फुटलेल्या अंड्यासारखे दिसतात अशी चेष्टा होते (मला ते आवडतात). दुसरं कारण म्हणजे एक बेअरिंग.

हे बेअरिंग नीट समजावून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ह्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला दांडा फिरत असतो. झडपा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या साखळ्या त्याच्यावरून चालतात. ह्या दांड्याचं एक टोक गोळ्यांच्या बंद बेअरिंगवर टेकलेलं आहे. लहानपणी ज्यांनी लाकडी फळीला बेअरिंगं ठोकून गाडी केली असेल, त्यांना ग्रीस गेल्यावर बेअरिंग कसं करकरतं ते ठाऊक आहे. इथे तसंच होतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सील सैल पडतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, इंजिनचं तेल थोडंसं आत शिरतं आणि तिथेच साचून खराब होतं. मग कधीतरी बेअरिंग फुटतं, दांडा डगमगतो, साखळीचं गणित चुकतं, पिस्टन झडपांवर आदळतात. तळहातात मावणाऱ्या वस्तूपायी संपूर्ण इंजिन भंगारात! टर्बो आणि जीटी-३ ह्या महागड्या भावंडांचं इंजिन वेगळ्या घराण्यातलं असल्यामुळे त्यांना हा रोग नाही. २००९ च्या मॉडेलपासून कंपनीने नव्या इंजिनातून हा मधला दांडाच काढून टाकला.

ह्यावर सामूहिक दावा झाला. २००१ ते २००५ च्या बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांबाबत २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात तडजोड झाली. त्या तडजोडीखाली भरपाई मागण्याची मुदत आता केव्हाच संपली आहे, तेव्हा आज घेणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. एक गोष्ट मात्र मागे राहिली, ती म्हणजे आकडे. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं, ते फुटण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. नंतर आलं एकेरी ओळीचं, त्याचं प्रमाण सुमारे आठ टक्के. त्या दाव्यापासून हेच आकडे सगळीकडे सांगितले जातात. मी पाहिलेली गाडी एकेरीवाली.

इंजिनिअर माणसाच्या हातात आठ टक्के दिले की तो लगेच एक्सेल उघडतो. मीही उघडलं. दुसरं इंजिन बसवायचा खर्च अंदाजे वीस हजार डॉलर धरा. त्याचे आठ टक्के म्हणजे सोळाशे. बेअरिंग आधीच बदलून घ्यायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लचही त्याच हाताने बदलतात, मला सांगितलेला खर्च तीन हजारांच्या आसपास. म्हणजे सोळाशेचा धोका टाळायला तीन हजार घालवायचे! गणिताप्रमाणे बेअरिंगला हात न लावणं शहाणपणाचं.

हे गणित मी घरी मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. आमच्या सौभाग्यवती अकाउंटंट आहेत. त्या म्हणाल्या, "सोळाशेचं बिल येणार आहे का कधी?" येणार नाही. बिल येईल तर शून्याचं, नाहीतर वीस हजारांचं. सरासरी ही कंपनीच्या उपयोगाची, कारण तिने लाखभर गाड्या विकलेल्या असतात. आपण एक गाडी घेतो. म्हणून स्वतःसाठी प्रश्न असा विचारायचा, की वीस हजारांचं बिल आलं तर मुलांच्या कॉलेजच्या खात्याला हात न लावता भरता येईल का? येत असेल तर आठ टक्क्यांवर खुशाल पैज लावा. येत नसेल तर तीन हजार गाडीच्या किमतीतच धरा, आणि तेवढी मोठी किंमत परवडत नसेल तर ती गाडी आपल्याला परवडत नाही.

आणखी एक गोष्ट मला पाहणी करताना कळली. ह्या एका दोषाची इतकी कीर्ती झाली आहे, की बाकीचे दोष त्याच्या सावलीत आरामात बसलेले असतात. विकणारा पहिलं वाक्य टाकतो, "बेअरिंग बदललंय बरं का." आपण खूश. पण ह्याच इंजिनांत सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचाही रोग आहे, तो आत छोटा कॅमेरा घातल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा बेअरिंगची पावती मागा, कोणत्या गराजने, किती मैलांवर बदललं ते वाचा, आणि घेण्यापूर्वी ह्याच गाड्यांचं काम करणाऱ्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. तेलाचा फिल्टर कापून उघडायला सांगा. त्याच्या घड्यांत धातूचा कण चमकला तर हात जोडून घरी परत या. तपासणीला काहीशे डॉलर पडतात. फार कमी चाललेली गाडी पाहून हुरळूनही जाऊ नका. उभ्या गाडीत तेल नासतं, त्यामुळे रोज चालणारी गाडी बरी, असं बरेच मेकॅनिक सांगतात.

आपल्या भागात आणखी एक तपासणी हवी. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वीच्या पुरात ह्यूस्टन परिसरात लाखो गाड्या बुडाल्या. त्यांतल्या काही स्वच्छ धुऊन, दुसऱ्या राज्यात कागद बदलून पुन्हा बाजारात आल्याची प्रकरणं झाली. पुराचं पाणी कुठल्याही 'नोन इश्यूज'मध्ये लिहिलेलं नसतं. सीटखालचा गालिचा उचलून वास घ्या, सीट जिथे पत्र्याला आवळलेली असते तिथले बोल्ट गंजलेत का ते पाहा.

विकणाऱ्याला मी किंमत सांगितली आहे. त्याच्या अपेक्षेतून बेअरिंग आणि क्लच वजा. तो विचार करतोय.

मी इथेच थांबलो असतो, पण पाहणीला निघताना सौ.नी आणखी एक प्रश्न विचारला होता: "मागच्या सीटवर कोण बसणार?" ९११ ला मागे दोन सीट असतात, त्यांत मोठं माणूस मावत नाही, लहान मूलच बसतं. मी सांगितलं, हे बेअरिंग गेलं तर इंजिन जातं, माणूस सहसा जात नाही. तसं फिफ्टी-नाइनवर सत्तरच्या वेगात इंजिन अचानक बंद पडणं काही सुखाचं नाही. स्टीअरिंग जड होतं, आणि ब्रेकही दोन-चार वेळा दाबल्यावर जड होतात. तरी गाडी कडेला घेता येते. बहुतेक भार खिशावर, आणि खिसा माझा. म्हणून तर मला आकडेमोड करायचा अधिकार पोचतो.

तो अधिकार कुठे पोचत नाही ह्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फोर्ड पिंटो. १९७० साली बाजारात आलेली ही छोटी गाडी. मागून धडक बसली तर पेट्रोलची टाकी फुटायची. ह्या प्रकरणात एक कोष्टक गाजलं: प्रत्येक गाडीमागे दुरुस्तीचे ११ डॉलर, एकूण खर्च १३७ मिलियन. दुसऱ्या बाजूला होरपळून होणारे १८० मृत्यू, दर माणशी दोन लाख डॉलर, त्यात जखमा आणि जळालेल्या गाड्या मिळवून फायदा ४९.५ मिलियन. म्हणजे दुरुस्ती परवडत नाही! न्यायाने सांगायचं तर ते कोष्टक एकट्या पिंटोचं नव्हतं, सगळ्या अमेरिकन गाड्यांचं होतं, गाडी उलटल्यावर लागणाऱ्या आगीबद्दल होतं, आणि सरकारी खात्याला दाखवण्यासाठी केलेलं होतं. पण एक्सेल नसतानाच्या काळातलं ते एक्सेल पाहिलं की मला माझं आठ टक्क्यांचं गणित आठवतं. फरक एवढाच, की माझ्या रकान्यात माझेच पैसे होते. १९७८ मध्ये फोर्डला सुमारे पंधरा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

आणि हे फार जुनं, फार लांबचंही नाही. ३१ मार्च २०१६ रोजी इथेच, आपल्या फोर्ट बेंड काउंटीत, रिचमंडजवळ, सतरा वर्षांची एक मुलगी २००२ ची होंडा सिव्हिक चालवत होती. तिची गाडी पुढच्या गाडीवर आदळली. अपघात असा, की माणसाने स्वतःच्या पायांनी बाहेर यावं. पण ताकाता कंपनीची एअरबॅग उघडली, तिच्यामागची धातूची डबी फुटली, तुकडा गळ्याला लागला, ती गेली. स्पोर्ट्स कार नव्हे मंडळी, सिव्हिक. त्या गाडीचा रिकॉल २०११ पासून होता, दुरुस्ती झालेली नव्हती. कंपनी म्हणाली आम्ही पत्रं पाठवली, घरचे म्हणाले आम्हाला मिळाली नाहीत.

ह्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की बिघडतं. उष्ण आणि दमट म्हणजे कुठे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अॅक्युरा गाड्यांतल्या डब्या चाचणीत फुटण्याचं प्रमाण पन्नास टक्क्यांपर्यंत निघालं. आठ टक्क्यांवर मी आठवडाभर झोप घालवली होती.

रिकॉलची दुरुस्ती फुकट असते. गाडी तुम्ही पहिल्या हाताने घेतली की चौथ्या, ह्याने फरक पडत नाही. पण पत्र जातं नोंदीतल्या पत्त्यावर, आणि आपण भाड्याच्या घरातून कॉन्डोत, कॉन्डोतून घरात जात असतो. शिवाय रिकॉल शिल्लक असलेली जुनी गाडी विकायला डीलरला फेडरल कायद्याची बंदी नाही. नव्या गाडीला आहे, मोठ्या भाड्याच्या कंपन्यांना २०१६ पासून आहे, वापरलेल्या गाडीच्या विक्रीला नाही. तेव्हा डीलरने विकली म्हणजे गाडी तपासलेली असणार, असं समजू नका.

आपली मुलं सोळा वर्षांची झाली की आपण त्यांना कोणती गाडी देतो? घरातली सर्वांत जुनी. तिच्यात आपण दहा वर्षं बसलो, काही झालं नाही, म्हणून.

बाहेर, चहाच्या टेबलाशेजारी मी लॅपटॉप उघडून ठेवला आहे, त्यावर एनएचटीएसएचं पान आहे. तुमच्या पाकिटातल्या विम्याच्या कार्डावर गाडीचा सतरा अक्षरांचा नंबर आहे. तो तिथे टाकायला अर्धा मिनिट लागतो. मुलांकडे असलेल्या गाडीचं कार्ड आधी काढा. मी तिथेच उभा आहे. आणि काका, पोर्शेचं काही कळलं तर तुम्हाला पहिला फोन करतो.