नदीकाठचं जंगल आपणच उभं करू
(ग्रामसभांच्या बैठकीत केलेलं भाषण)



वनहक्काचा पट्टा मिळाला की काम संपलं, असं काही जण समजतात. तसं नाही. २००६ च्या कायद्याचं कलम ५ काय म्हणते? जंगल, वन्यजीव, पाणलोट, पाण्याचे साठे राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. मग नदी-बोडीचा काठ उघडा पडला तर जाब कोणाला विचारायचा? आपल्यालाच.

काठावर सागवान लावून भागत नाही. मुळाशी पाणी साचलं की ते टिकत नाही. तिथं अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर पाहिजे. त्यांची मुळं माती धरून ठेवतात. अर्जुनावर कोसाही होतो. जांभळाचं बी साठवू नका, वाळलं की उगवत नाही. पावसाच्या तोंडावर ताजंच पेरा. अर्जुनाचं बी आधी पाण्यात भिजवा.

आणि म्हातारं, पोकळ झाड सरपणाला तोडू नका. नकटा बदक पावसाळ्यात ढोलीत अंडी घालते. अडईही घालते. झाड गेलं की पाखरू गेलं.

मोजणीही आपणच करू. दर महिन्याला ठरलेला दिवस, ठरलेली जागा, सकाळची वेळ. कोणतं पाखरू, किती, पिल्लं दिसली का, पाणी किती, एवढं वहीत लिहायचं. सयाने ओळखतील, शाळेतली पोरं लिहितील. उद्या कोणी म्हणालं, "या लोकांनी जंगल खाल्लं," तर ही वही पुढं ठेवू.

येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या: काठाच्या झाडांची रोपवाटिका आणि पाखरांची वही. ठराव लिहून सह्या-अंगठे झाल्याशिवाय उठू नका.

जय सेवा!