पावले मोजणारे अ‍ॅप : उपयोग आणि मर्यादा

पावले मोजणारे अ‍ॅप फोनमधील संवेदकाने शरीराचे हेलकावे टिपते आणि जीपीएसने अंतर ठरवते. रोजची नोंद समोर राहिल्याने चालण्यात सातत्य येते. केंद्र सरकारचे ‘फिट इंडिया’ अ‍ॅप ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झाले.

मोजणीला मर्यादाही आहेत. नृसिंहवाडीत दत्तमंदिराला प्रदक्षिणा घालताना संथ पावले गणनेतून सुटू शकतात, छोट्या फेऱ्यांचे अंतर चुकू शकते. खर्च झालेल्या उष्मांकांचा आकडा अंदाजच असतो. दहा हजार पावलांचे उद्दिष्ट १९६५च्या सुमारास जपानी पेडोमीटरच्या जाहिरातीतून रूढ झाले. त्यासाठी गुडघेदुखी अंगावर काढू नये.

खासगीपणाचाही प्रश्न आहे. २०१८मध्ये व्यायामाचे मार्ग नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपच्या नकाशातून लष्करी तळ उघड झाले होते. त्यामुळे ठिकाणाची माहिती गरजेपुरतीच द्यावी.