पाऊण सेकंदाचं काम



आपल्या धारसारखंच देवासही पवारांचं संस्थान होतं. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले गायक कुमार गंधर्व हवापालटासाठी तिथे आले. काही वर्षं गाणं बंद राहिलं. मग स्ट्रेप्टोमायसिनने ते बरे झाले आणि निकामी झालेल्या एका फुफ्फुसासह पुन्हा गायले. श्वासाचं मोल त्यांच्याइतकं कोणी ओळखलं असेल! आज मी त्या श्वासाविषयीच बोलणार आहे.

शरीरातला कार्बन डायऑक्साइड रक्तातून मुख्यतः बायकार्बोनेट होऊन फुफ्फुसांकडे जातो. तिथे त्याचा पुन्हा वायू झाला तरच तो बाहेर पडणार. पण फुफ्फुसाच्या केशवाहिनीत रक्त जेमतेम पाऊण सेकंद थांबतं. ही क्रिया आपली आपण व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे तिला कोणीतरी वेग देत असणार! आधी हा हिशोब मांडला गेला, आणि मग १९३३च्या सुमारास केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि राउटन यांनी तांबड्या पेशींतून तो वेग देणारं विकर (एन्झाइम) वेगळं काढलं: कार्बोनिक अनहायड्रेज. त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो. या विकराच्या कुटुंबातला सर्वांत चपळ प्रकार सेकंदाला सुमारे दहा लाख रेणूंचं रूपांतर करतो.

पुढची गोष्ट मला याहून आवडते. सल्फानिलामाइड हे जंतूंवरचं औषध घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात आम्ल वाढे, लघवी मात्र अल्कधर्मी होई. १९४० साली मान आणि केलिन यांनी दाखवलं की ते याच विकराला अडवतं. त्या उपद्रवाचा धागा धरून रसायनतज्ज्ञांनी अ‍ॅसेटाझोलामाइड घडवलं. डोळ्याच्या आतलं पाणी स्रवायलाही हेच विकर लागतं. ते अडवलं की पाणी कमी, डोळ्यातला दाब कमी. म्हणून १९५४ साली बेकर यांनी हे औषध काचबिंदूवर वापरलं. उंच पहाड चढणारेही विरळ हवेचा त्रास टाळायला ते घेतात, आणि मग त्यांना सोडा बेचव लागतो, कारण जिभेवरही हे विकर आहे!

मुलांनो, आज घरी गेल्यावर आजीआजोबांच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली बघा. डॉर्झोलामाइड लिहिलं असेल, तर तेही याच विकराला रोखणारं औषध. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही आणि तो घराण्यात उतरू शकतो. त्यांचे थेंब वेळेवर घाला आणि आईबाबांनाही डोळ्यांचा दाब तपासून घ्यायला सांगा.