अंगयष्टी आणि लग्नाचा झगा



गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी आईसह घरी आली. तिचे लग्न ठरले होते. परंतु चेहरा उतरलेला. मासिकातील चित्राप्रमाणे झगा हवा होता आणि माप घेताना शिंपी म्हणाला होता, "बाय, हा तुला शोभायचा नाही." तेव्हापासून मुलीने जेवण निम्म्यावर आणले होते. मी म्हटले, "अगं, झगा मुलीसाठी शिवतात, झग्यासाठी मुलीला उपाशी ठेवीत नाहीत."

पांढरा झगा आज आपल्या समाजात इतका रूढ आहे, की तो अनादि वाटावा. परंतु युरोपातही पूर्वी अनेक वधू रंगीत वस्त्रेच घालीत. १८४० साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात शुभ्र साटीन परिधान केले आणि त्यानंतर ही रीत दूरवर पसरली. गोव्यातील ख्रिस्ती घरांत तर शिंप्याला घरी बोलावून वधूचा लाल साडो कापण्याचा समारंभ होत असे. तात्पर्य, अमुकच आकाराचा झगा हवा, असा धर्मनियम नाही.

मग निवड कशी करावी? ठेंगण्या मुलीने खांद्यापासून पायापर्यंत उभ्या शिवणींचा, कळ्यांचा झगा घ्यावा. नजर उभ्या रेषेवरून फिरते व उंची अधिक भासते. कंबरेखालचा भाग भरलेला असल्यास कंबरेपासून हळूहळू रुंदावणारा घेर शोभतो. पोट सुटलेले असल्यास जोडाची शिवण छातीखाली घ्यावी. उंच, कृश मुलीला चुण्या, झालर व लांब बाह्या खुलतात. चकचकीत साटीन उजेड परतवते, त्यामुळे अंग अधिक स्थूल दिसते. तेथे मंद तकाकीचे क्रेप बरे.

महाग कापडाला कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटाचा नमुना कच्च्या टाक्यांनी शिवून घ्यावा. तो घालून बसावे, हात वर करावेत, गुडघे टेकून पाहावे. कारण वेदीपुढे गुडघे टेकावेच लागतात. लांबीचे माप लग्नात घालावयाच्या पादत्राणांसहच द्यावे.

माझ्या विद्यार्थिनीने अखेर कळ्यांचा साधा झगा शिवला व आईच्या झग्याची जुनी लेस त्याच्या गळ्याला लावली. लग्नाच्या दिवशी ती वेदीपुढून सहज उठली आणि मेजवानीत पोटभर जेवली. तिच्या आईचे डोळे त्या वेळी भरून आले होते.