हातात माती, कान सूचनेकडे
(माहूर येथे पालक आणि अंगणवाडी ताईंसमोर केलेले भाषण)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस मातीबद्दल काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझं काम म्हणजे सूचना एकामागून एक नीट मांडणं, आणि आजचा विषयही तोच आहे.

आपल्या माहूर-किनवट भागात घराघरांत वेगळी बोली आहे. आपल्याकडे दखनी, तांड्यावर गोरमाटी, पोडावर कोलामी, कुठे गोंडी. अंगणवाडीत आणि शाळेत मात्र मराठी. चार वर्षांचं लेकरू तिथे गप्प बसलं की लगेच ऐकू येतं, "हा ऐकतच नाही", "हिच्या डोक्यात शिरत नाही". हा शिक्का एकदा बसला की पुढची दहा वर्षं पुसत नाही.

खरं तर गप्प बसण्याची कारणं तीन असू शकतात. मुलाला भाषा कळत नाही, त्याला ऐकू कमी येतं, किंवा लक्ष देऊन ऐकण्याची सवय अजून लागलेली नाही. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. मातीचा गोळा इथे मदत करतो, कारण मुलाला उत्तर बोलून द्यावं लागत नाही. ते हाताने देतं आणि आपल्याला दिसतं.

करून बघा. आधी एकच सूचना द्या, "मोठा गोळा कर." जमलं की दोन, "मोठा गोळा कर, त्यावर छोटा ठेव." मग तीन, "छोट्याला बोटाने भोक पाड." सूचना एकदाच सांगा, हातवारे करू नका आणि थोडं थांबा. मराठीत जमलं नाही तर तेच घरच्या बोलीत सांगा, "पहले बडा गोला बना." आता जमलं, तर मूल हुशारच आहे, अडचण भाषेची आहे. घरच्या बोलीतही जमत नाही, पण तुमचा चेहरा आणि हात दिसले की जमतं, तर कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करायची असते. ताईंना तारीख विचारा आणि त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाने आपण काय बनवतोय ते सांगायचं, दुसऱ्याने ऐकून तसंच बनवायचं. शेवटी दोघांनी वळून पाहायचं. यात सांगणाराही शिकतो आणि ऐकणाराही.

आता हाताबद्दल. मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि पुढे कित्येक वर्षं हळूहळू पक्की होतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पान भरायला लावणं म्हणजे घाई आहे. माती मळताना तळहाताला जोर लागतो, साप वळताना दोन्ही हात एका तालात चालतात, चिमटीने कान-शिंग ओढताना अंगठा आणि तर्जनी तयार होतात. पुढे पेन्सिल धरायला हीच बोटं लागतात. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या आपल्या मुलांना हे कुणी वेगळं शिकवलं नव्हतं.

खर्च काहीच नाही. कुंभाराकडून माती आणा, चाळा, खडे काढा, रात्रभर भिजवा, मळून ओल्या फडक्यात ठेवा. शेतातली काळी माती सुकली की आक्रसते आणि तडकते, म्हणून त्यात थोडी वाळू मिसळा. माती नसेल तर पोळ्या करताना कणकेची एक लाटी लेकराला द्या. खेळून झालं की हात साबणाने धुवायचे, एवढं पाळा.

ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. वारली पाड्यांवरच्या मुलांसाठी महागडी साधनं नव्हती, म्हणून परिसरातली माती, बिया, पानं हीच साधनं झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावं, हा त्यांचा विचार होता. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ मध्ये आली.

मोबाइलवर माझं पोट चालतं, त्यामुळे मी त्याला शिव्या देणार नाही. पण मोबाइल मुलाला सूचना देऊन थांबत नाही, त्याच्या हातांकडे बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली आहे, आणि कमी असेल तर उत्तमच.

माझी मागणी छोटी आहे. रोज दहा मिनिटं, एक गोळा, तीन सूचना. अब्बांनीही बसायचं, हे फक्त अम्मीचं काम नाही. ताईंनी मुलांच्या घरच्या बोलीतले दहा-वीस शब्द पालकांकडून लिहून घ्यावेत: गोल, लांब, वर, खाली, मोठा, छोटा. आणि महिनाभर हे करून बघितल्याशिवाय कुणाच्याही लेकराला मंद म्हणायचं नाही, एवढं आज इथून ठरवून जाऊ या.